मेहरूनबीचं माप

(रूथबाई थळकर, पेरंबूर, चेन्नई. शब्दांकन)

बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा एक पाय हलतो, इकडं मशीनपाशी स्टुलावर बसा. तो फोन रेकॉर्डिंगला ठेवायचाय तर ठेवा, पण आधी एक कबूल करा, मी बोलेन ते पूर्ण लिवायचं, मधलं काढायचं नाय. तुमी मराठी मंडळाच्या, बँकेत नोकरीला, तुमाला वाटेल म्हातारी पहिल्या वाक्यालाच भांडायला उठली. भांडत नाय हो. पण मधलं काढलं की माणसाचं काय होतं ते मी भोगलंय, म्हणून सांगते.

तर माझं माहेर रेवदंड्याकडचं. आमी बेने इस्राएल. म्हंजे यहुदी, ज्यू, काय म्हणाल ते, पण गावात आमाला कोणी ज्यू म्हटलेलं मी ऐकलं नाय, गावात आमी शनवार तेली. आजोबांचा तेलाचा घाणा होता आणि शनवारी तो बंद, बैलालाही सुट्टी, म्हणून शनवार तेली. माझे वडील काय घाण्यावर बसले नाहीत, ते अलिबागच्या बाजारात शिवणकाम करायचे, आणि मी त्यांच्या पायाशी चिंध्या वेचता वेचता कात्री धरायला शिकले. प्रार्थना तेवढी हिब्रूत, ती पण पाठ केलेली, अर्थ कोणाला विचारता, बाकी सगळं मराठीत, अंगाई मराठीत, भांडण मराठीत. आमच्या सिनेगॉगला आजी मशीदच म्हणायची. हो, मशीदच. आज आपल्या मशिदीत सण हाय गं, चल लवकर, असं. आणि मुसलमानांच्या मशिदीला मोठी मशीद म्हणायची, कारण ती खरंच मोठी होती. ह्यात कोणाला काय वाटायचं नाय. आता हे टीव्हीवर सांगा आणि बघा काय करतात त्याचं.

लग्न झालं आणि मद्रासला आले. तेव्हा मद्रासच होतं. नवरा सॅम्युअल, रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात फिटर, स्वभावानं गरीब, बोलायचं काम सगळं माझ्यावर टाकलेलं. बरोबर सासू. इथं आमच्या लोकांची घरं बोटावर मोजावी इतकी, ती पण शहराच्या दुसऱ्या टोकाला, आमच्यात प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते पण सणाला जमायचे नाहीत. लोक विचारायचे, तुमी कोण, किरिस्ताव का, मुसलमान का, आणि मराठी मंडळात गेले तर तिथंही, थळकर म्हंजे नक्की कोणातले हो तुमी. मी समजावून समजावून थकले. शेवटी गल्लीनंच माझं नाव ठेवलं, बॉम्बेअम्मा. मी मुंबईला राहिलेली नाय कधी, पण मराठी बोलते म्हंजे बॉम्बे. बरं वाटायचं त्या नावानं. बॉम्बेअम्मा ब्लाउज छान शिवते, बॉम्बेअम्माकडं फॉल लावून मिळेल, झालं, एवढीच माझी ओळख आणि एवढी पुरेशी होती.

आणि समोरच्या दारात मेहरूनबी. आता हिचं काय सांगू तुमाला. ताडासारखी उंच, दात किडके, तपकिरीची डबी कमरेला, आणि तोंडाचा पट्टा असा की कावळा पण तिच्या भिंतीवर बसायला विचार करायचा. त्यांच्या घरात ती दखनी बोलतात ना, नक्को, कायकू, मेरेकू, ती भाषा. मी आले तेव्हा मला तमिळचा गंध नाय, आणि पहिल्या दिवशी ही बया दारातून ओरडली, पानी उधर नक्को फेको, आणि मला रडायलाच आलं, आनंदानं हो, नको म्हणणारं कोणी तरी भेटलं ह्या गावात. मंग मी पण मराठीत उलट ओरडले, कुठं टाकू मंग, तुझ्या डोक्यावर? तिथून जे सुरू झालं ते पस्तीस-चाळीस वर्षं चाललं.

आमची रोज भांडणं. पाण्यावरून तर नेमानं. तुमाला ठाऊक हाय इथला उन्हाळा, तण्णी लॉरी यायची गल्लीच्या तोंडाशी, पाण्याचा टँकर, आणि सगळ्या बायका रंगीबेरंगी प्लास्टिकचे कुडम, म्हंजे घागरी, घेऊन धावायच्या. मेहरूनबीचा हिरवा कुडम, माझा लाल. ती उंच, हात लांब, माझ्या डोक्यावरून पाइप ओढायची. मी तिची ओढणी ओढायची. ती मला बुटकी म्हणायची, मी तिला ताडका. आणि घरी आलं की अर्ध्या तासात ती आपला हिरवा कुडम माझ्या मोरीत अर्धा ओतून जायची, बोलत काय नाय, ओतायची आणि जायची. शनवारी आमच्यात विस्तव पेटवायचा नसतो, तर ती सकाळी येऊन गॅस पेटवून चहा टाकायची आणि चहात साखर कमी असली की मलाच शिव्या. आमचा मलिदा असला की, म्हंजे पोहे, गूळ, खोबरं, फळं, आमी एलियाहू हन्नाबीच्या नावानं करतो, नवस फेडायला, तर पहिली ताटली तिची. पहिल्यांदा तिनं विचारलं, हे कोणाच्या नावाचं. मी सांगितलं. ती म्हणाली, अरी हे तर आमचे इलियास नबी, तुमने कबसे ले लिये. मी म्हटलं तुमी जन्माला यायच्या आधीपासून. ती हसली आणि दुसरी ताटली मागितली.

तिचं काम सांगायचं राहिलं. ती मयत धुवायची. बायकांची. मोहल्ल्यात कोणी बाई गेली की पहिलं बोलावणं मेहरूनबीला, गुसल द्यायला. नाक मुरडू नका, मोठं काम असतं ते, सगळ्यांना जमत नाय. आणि ती धुताना मेलेल्या बाईशी बोलायची. मी स्वतः ऐकलंय.

कधी ऐकलं ते सांगते. माझी सासू गेली तेव्हा. आमच्यातही बाईला बाईनंच धुवायचं असतं, कोमट पाण्यानं, नखं साफ करून, मंग पांढरे कपडे, घरी शिवलेले, त्या शिवणीत गाठ मारायची नाय, दोरा तसाच सोडायचा. आता मी एकटी. सासू जाडजूड. दुसऱ्या टोकाच्या दोन बायका होत्या आमच्यातल्या, एक आजारी, एक मुंबईला गेलेली. नवरा दारात उभा राहून मला म्हणाला, रूथ, काय करायचं गं. आणि मेहरूनबी बाह्या वर करून आत आली. म्हणाली, तुमचा कायदा तू सांग, हात मी लावते. तिनं त्यांच्या मशिदीतल्या हजरतला, मौलवीला, विचारून घेतलं होतं म्हणे, आणि तो म्हणाला होता, मयताला पाक करायचं हाय, विचारायला काय आलीस, जा. मी शमा, आमची प्रार्थना, म्हणत होते, हातात तांब्या, डोळ्यांत पाणी, आणि ही माझ्या सासूला म्हणते कशी, अम्माजी, जरा हाथ ढीला छोडो, हां, ऐसा, अब्बी करवट लेंगे, डरो नक्को, मैं हूं ना. माझी सासू जिवंतपणी तिला म्हैस म्हणायची. तिला तिनं लहान मुलीसारखं न्हाऊ घातलं. त्या दिवसापासून मी तिच्याशी भांडले ते सगळं वरवरचं.

आणि मंग माझं पण एक काम सुरू झालं. मुसलमानी बाईच्या कफनाला पाच कापडं लागतात, ओढणीपासून चादरीपर्यंत, प्रत्येकाचं माप वेगळं. मेहरूनबी धुण्यात हुशार, पण कात्री धरली की कापड उंदरानं कुरतडल्यागत. एकदा माझ्याकडं ठाण घेऊन आली, म्हणाली, बॉम्बे, सरळ काप, बाई उंच हाय. मी कापून दिलं. मंग दर वेळी. मोहल्ल्यातल्या कितीतरी बायका माझ्या कात्रीनं कापलेल्या कापडात गेल्या. सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी विचारलं नाय की बॉम्बेअम्मा कोणत्या धर्माची. विचारलं असतं तरी मेहरूनबीनं त्याला तिथंच गार केलं असतं. आणि आमचं दोघींचं बोलणं झालेलं, इथंच, ह्या मशीनपाशी. ती म्हणाली, तू पहले गई तो मैं नहलाऊंगी, मैं पहले गई तो मेरा कपडा तूच काटना, दुसऱ्या कोणी कापलं तर माझे पाय उघडे राहतील. मी म्हटलं, तुझे पाय तर खाटेच्या बाहेरच असतात. आमी असं हसत बोलायचो मरणाचं. माझी मुलगी लग्न होऊन इस्राएलला गेली, नवरा गेला, त्याला मुंबईहून आलेल्या दिरांनी धुतलं, पुरलं, सगळं रीतसर झालं. माझी एकटीची पण सोय झालेली होती, मेहरूनबी होती ना. मला मरणाची चिंताच नव्हती. खरं सांगते, अजिबात नव्हती.

मंग मुंबईत तो अतिरेक्यांचा हल्ला झाला. नोव्हेंबरात. आमच्या लोकांच्या त्या घरात पण शिरले, परदेशी होते बिचारे, मारून टाकले. मी टीव्हीपुढं बसून रडले, आणि माझ्या शेजारी मेहरूनबी बसून त्या मारणाऱ्यांना अशा अशा शिव्या देत होती की त्या लिवू नका. तिचा सलीम, मुलगा, श्रीपेरुंबुदूरला गाड्यांच्या कारखान्यात, कंपनीची बस घेऊन जायची त्याला, तो पण सुन्न. आणि त्यानंतर आठ-दहा दिवसांत माझ्या दारात टीव्हीवाली. इंग्रजी बातम्यांचं चॅनल. कुठून पत्ता काढला देव जाणे. तरुण पोरगी, गोड बोलायची, आंटी आंटी, तमिळ छान, बरोबर कॅमेरेवाला. मला म्हणाली, आंटी, चेन्नईत ज्यू बाई राहते आणि तीही मुस्लिम वस्तीत, हे लोकांना कळलं पाहिजे. मला आनंद झाला हो. वाटलं, चांगलं हाय, आता तरी लोकांना कळेल आपण कसे राहतो. चांगली नारायणपेठ नेसले. चहा केला, मुरुक्कू काढले, इथल्या चकल्या.

ती विचारते, आंटी, तुम्हाला इथं भीती नाय वाटत का. मी मराठी बाई, सरळ उत्तर दिलं तर माझ्या तोंडाला खाज सुटेल. मी हसून म्हटलं, भीती वाटते की, रोज सकाळी वाटते, त्या समोरच्या बाईची, पाण्याची लॉरी आली की. ती पण हसली. कॅमेरेवाला पण हसला. मंग मी त्यांना मेहरूनबीचं सांगितलं, सासूचं सांगितलं, गुसलचं, कात्रीचं. आणि नुसतं सांगून राहिले असते तर, पण नाय, पेटीतून माझे कपडे काढले. माझे मरणाचे कपडे. माझ्या सासूची रीत होती, हातपाय चालतात तोवर आपले आपण शिवून ठेवायचे आणि वर्षातून एकदा उन्हं द्यायची. तुमी कशी मुलीच्या लग्नाची साडी पाहुण्याला दाखवता, तसे मी दाखवले. बघ, म्हटलं, गाठ नाय कुठं, टीप बघ किती बारीक, हे घालून मला मेहरूनबी तयार करणार. त्या पोरीनं हात लावून बघितले, म्हणाली, ब्यूटिफुल आंटी. तेवढ्यात बाहेर लॉरीचा हॉर्न वाजला आणि मी नारायणपेठेसकट कुडम घेऊन धावले. सवय हो. आणि मेहरूनबी नेहमीसारखी हिरवा कुडम डोक्यावर उगारून माझ्या अंगावर ओरडत. कॅमेरेवाला मागं मागं. आमी दोघी कॅमेरा बघून जरा जास्तच भांडलो. आमाला वाटलं मजा येईल.

ज्या दिवशी दाखवणार होते त्या संध्याकाळी सगळी गल्ली सलीमच्या घरात. त्याचा टीव्ही मोठा, नवीन. मेहरूनबीनं डोक्याला तेल लावून वेणी घातली होती, जशी काय तीच बातमी वाचणार. सगळ्यांना ताकीद, बोलायचं नाय कोणी. लागलं. पहिल्यांदा मुंबईचा धूर, आग, ते सगळं, मंग लगेच आमची गल्ली. हिरवा झेंडा दिसला, तो निवडणुकीपासूनचा दिव्याच्या खांबावर लटकलेला, त्याच्यावर कॅमेरा किती वेळ. मंग माझं तोंड, खाली इंग्रजी अक्षरं, आणि माझा आवाज, भीती वाटते की, रोज सकाळी वाटते. बस. तेवढंच. तिथंच कापलं. मंग मेहरूनबी, आवाज काढून टाकलेला, नुसता तिचा उघडा जबडा आणि माझ्यावर उगारलेला कुडम, हळू हळू दाखवला, हळू हळू. आणि मंग माझे कपडे, माझे पांढरे कपडे, माझ्या मांडीवर, आणि वर कसलं तरी रडकं वाजवलेलं. सलीमची मुलगी इंग्रजी शाळेत, ती खालची अक्षरं वाचून मोठ्यानं तमिळमध्ये सांगत होती, पोर बिचारी, तिला काय कळतंय, सांगत होती की ही बाई इतकी घाबरून राहते की तिनं स्वतःचं कफन शिवून ठेवलंय. आणि मंग तिचं तिलाच कळलं आणि ती गप्प झाली.

मेहरूनबी माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, तू ने ऐसा बोली? मी म्हटलं, अगं बोलले, पण पुढचं कापलं त्यांनी, तुला माहीत नाय का मी काय बोलले असेन. ती म्हणाली, मेरेकू मालूम है. असं म्हणाली ती. मेरेकू मालूम है, इनकू नै मालूम. आणि खोलीत बसलेल्या सगळ्यांकडं हात केला.

मुडदा बशिवला त्या कॅमेऱ्याचा! सासूला धुतलं ते कुठं गेलं? कात्री कुठं गेली? अर्धा हिरवा कुडम माझ्या मोरीत ओतला जायचा तो कोणी दाखवायचा? मी फोन केला त्या पोरीला, चांगला झाडला. ती म्हणाली, आंटी, मी सगळं पाठवलं होतं, वरती दिल्लीत कापतात, वेळ दीड मिनिटाचा असतो. दीड मिनिटात चाळीस वर्षं बसत नसतील तर येता कशाला मेल्यांनो? बघा, आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो माझा.

पुढं काय झालं ऐका. दोन दिवसांनी माझ्या दारात पोलीस शिपाई. संरक्षण म्हणे. भला माणूस होता, खुर्चीवर बसून पेपर वाचायचा, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला नाव विचारायचा. ब्लाउज शिवायला टाकायला आलेल्या बाईला तुझं नाव काय, कुठं राहतेस. कोण येईल? आणि सलीमला ठाण्यावर बोलावलं, तुझ्या आईनं यूदर बाईला का धमकावलं. यूदर म्हंजे ज्यू, तमिळमध्ये. एका दिवसात मी बॉम्बेअम्माची यूदरअम्मा झाले. भाजीवाला पण यूदरअम्मा. त्या पोराची कामाची पाळी बुडली, कंपनीच्या बसमध्ये त्याच्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली, रोज बरोबर डबा खाणारी माणसं गप्प व्हायची. मी ठाण्यावर गेले, सांगितलं, अहो ती माझी बहीण हाय, हे सगळं खोटं हाय. तर साहेब मला समजावतो, अम्मा, घाबरू नका, तुम्ही दबावाखाली बोलताय. आता बोला! माझ्या तोंडातून खरं निघालं तरी ते भीतीच. मुलीचा तिकडून फोन, तिथंही कोणी तरी बघितलेलं, आई, तू उद्याच्या उद्या इकडं ये. मी म्हटलं, अगं बाई, मेहरूनबीला तू लहानपणी दुसरी आई म्हणायचीस, तू पण? तर म्हणते, आई, माणसं बदलतात. माणसं नाय गं बदलली, तुझ्या टीव्हीनं बदलून दाखवली.

मंग आणखी एक चॅनल आलं. हे चांगलं करायला आलेले. त्यांना आमची दोस्ती दाखवायची होती, दोघींनी गळ्यात गळा घालायचा, एका ताटात बिर्याणी खायची, मागं गाणं. मी म्हटलं आमी कधी गळ्यात गळा घातला नाय, आमी भांडतो. ते म्हणे, अम्मा, फक्त एकदा, देशाला चांगला संदेश जाईल. मेहरूनबीकडं गेले तर तिनं दार उघडलं नाय. आतूनच ओरडली, तमाशा नक्को. बरोबर केलं तिनं. पहिल्यांनी वैरिणी केलं, दुसऱ्यांना देवी करायच्या होत्या, आमी होतो तशा कोणालाच नको होतो.

पण ती माझ्याकडं यायची थांबली ती थांबलीच. सलीमनं तिला हात जोडून सांगितलं म्हणे, अम्मी, कुछ दिन. रागानं नाय हो. घाबरून. घाबरला तो, मी नाय, आणि टीव्हीनं दाखवली माझी भीती. शनवारी मी चहाविना बसायची. लॉरी आली की ती सुनेला पाठवायची, शबानाला, आणि शबाना गुपचूप बाजूला सरकून मला आधी भरू द्यायची. मला आधी! त्या दिवशी मी घरी येऊन लाल कुडम आपटला. एवढं वाईट मला माझा नवरा गेल्यावर पण वाटलं नव्हतं असं म्हटलं तर पाप लागेल, पण जवळजवळ तेवढं वाटलं. कधी कधी ती ओट्यावर बसलेली दिसायची, मी इकडं मशीनवर, मधे एवढीशी गल्ली, ती तपकीर ओढायची आणि मोठ्यानं शिंकायची. ती शिंक माझ्यासाठी असायची. मी पण मशीन जोरात चालवायची.

आणि ह्या पावसाळ्याच्या आधी ती गेली. साखर होती तिला, पाय सुजायचे, दवाखान्यात नेलं आणि परत आणलं ते तसंच. मला मशिदीच्या भोंग्यावरून कळलं, सलीमच्या आईचं नाव घेतलं तेव्हा. मी हातातलं टाकलं, कात्री घेतली, टेप घेतली नाय, टेप कशाला हवी, तिचे कुर्ते मीच शिवायची, तिचं माप मला झोपेत विचारा. गल्ली ओलांडून गेले. दारात बायका, सगळ्या माझ्याच गिऱ्हाईक, खाली बघायला लागल्या. सलीम बाहेर आला. डोळे लाल. माझ्या हातातली कात्री बघितली आणि त्याचं तोंड रडकं झालं, लहान असताना पडला की व्हायचं तसं. म्हणाला, आंटी, कपडा आ गया, दुकानातून कापलेलं पाकीट मिळतं आता. मी म्हटलं, अरे ती उंच हाय, पाकिटातलं पुरेल का, मला बघू दे तरी. तो म्हणाला, आंटी, तुमी आत आलात आणि कोणी फोटो काढला, परत ते टीव्हीवाले आले, तर. अम्मीच्या मयतीला कॅमेरा नक्को आंटी. बाहर बैठो, मैं कुर्सी लाता. आणि खुर्ची आणली त्यानं. मोठी आदबीनं आणली हो. मी त्या खुर्चीत बसले, मांडीवर कात्री, जशी काय पाहुणी. आतून पाण्याचा आवाज येत होता. तिला धुणारी कोणी बाहेरची आणली होती, आणि ती बाई बोलत नव्हती. मी कान देऊन ऐकत होते, एक अक्षर नाय, नुसतं पाणी. मेहरूनबीनं सगळ्या मोहल्ल्याशी बोलून त्यांना निरोप दिला आणि तिला मुक्यानं धुतलं.

नेताना बघितलं. चादर घातलेली, काय दिसणार. पण मला अजून वाटतं, पुरलं नसेल कापड. तिचे पाय.

आता काय, आता सगळं शांत हाय. शिपाई कधीच गेला. प्रत्येकाच्या दारात नळ आलाय, लॉरीवर भांडायला पण कोणी नाय. भाजीवाला परत बॉम्बेअम्मा म्हणायला लागलाय, टीव्हीला दुसरं कोणी तरी मिळालं असेल. सलीम वाटेत भेटला की सलाम करतो, माझी विचारपूस करतो, गुणी पोरगा, देव त्याचं भलं करो, त्याच्यावर माझा राग नाय. मुलगी म्हणते इकडं ये, इकडं सगळं आपल्या कायद्यानं करतात, त्यासाठी मंडळं असतात बायकांची. करत असतील. नीट करत असतील. कपडे पेटीत हायत, ह्या वर्षी मी त्यांना उन्हं दिली नाहीत, ते बाहेर काढायला हात होत नाय. शबाना परवा मागच्या दारानं आली, म्हणाली, अम्मी ने मेरेकू सिखाया सब, तुमचं मी करीन. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सलीम करू देईल का, ते तिला पण माहीत नाय, मला पण नाय. आणि करू दिलं तरी ती पोर अबोल, मान खाली घालून काम करणारी. पाणी घालेल, पुसेल, कपडे चढवेल, सगळं बरोबर करेल. पण बाई, त्या वेळेला माझ्याशी बोलणार कोण?